पेंढा भरलेलं चाक

पावसाळाभर आमची सायकल पडवीच्या वाशाला उलटी टांगलेली असे. आषाढ लागला की घरापासून निडीच्या सडकेपर्यंतचा बांध असा गाळाचा होई की पाऊल उचललं तरी चप्पल मागेच राहायची. तिथे चाकाची काय कथा. बाबा दोरखंडाने सायकल वर चढवत आणि ती खाली उतरायची ती दिवाळी सरल्यावर, भात कापून खळ्यावर आलं आणि बांध उन्हाने टणक झाला म्हणजे. दुसऱ्या गावांत सायकल बारा महिने चालत असेल. आमच्याकडे वालाचा जसा हिवाळा, तसा सायकलीचाही हिवाळाच हंगाम. पडवीत जेवायला बसलं की डोक्यावर तिचा सांगाडा दिसे, चुलीच्या धुराने काळवंडलेला. वाऱ्याचा झोत आला की मागचं चाक आपोआप अर्धा फेरा घेई आणि टिक टिक करून थांबे. भाताची वाफ अंगावर घेत आम्ही दोघी बहिणी खाली बसलेल्या असू, आणि ताई वर न बघता म्हणे, "कंटाळलीय ती. उतरवायला सांगतेय."

ताईला जाऊन आता दीड महिना झाला. तिचं नाव वत्सला, पण मी तिला कधी नावाने हाक मारली नाही, म्हणून इथेही ताईच लिहिते. माझं आयुष्य रोह्याला पुस्तकांच्या कपाटांमध्ये गेलं, वाचनालयात. दुसऱ्यांनी लिहिलेलं जपून ठेवायची सवय आहे, स्वतः लिहायची नाही. पण एका हिवाळ्याची गोष्ट आमच्या घरात इतकी वर्षं अर्धीच सांगितली गेली, आणि उरलेली अर्धी फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती. आता त्या दोघींतली एक राहिली आहे.

सायकल मूळची आमची नव्हती. पलीकडच्या मोहल्ल्यातले इब्राहिमचाचा कुवेतला कामाला गेले तेव्हा जाताना ती बाबांच्या हवाली करून गेले. "वापर रे, नाय तर गंजून जाईल," म्हणाले. जायच्या आधीचे आठ दिवस त्यांनी आमच्या अंगणात बसून ताईला चाकं उघडायला आणि मिटायला शिकवलं. बाबांना का नाही, असं आईने विचारलं तेव्हा चाचा हसले. "तुझा नवरा हवा भरतो ती दगड होईपर्यंत. ट्यूब फुटली की पंपाला शिव्या घालतो. पोरीच्या हाताला घाई नाय." बाबांना ते पटलं होतं. बाबा शेती करत आणि हिवाळा-उन्हाळा धरमतरच्या बाजूला मिठागरावर कामाला जात, तिथे आठवडा आठवडा राहत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या डोक्यात प्रत्येक वस्तूला एक धनी लागे. कोयता आईचा, होडीची वल्ही काकाची, तशी सायकलही एकाच हातात हवी. "जिला सांभाळता येईल तिची," असं त्यांनी चाचा गेल्यावर सांगून टाकलं, आणि ती ताईची झाली.

दिवाळीनंतरचा तो चाकं उघडायचा दिवस आमच्या घरी सणासारखाच होता, फक्त त्यात गोड नसे. ताई गोणपाट अंथरी. सायकल सीटवर उलटी उभी राही. चार महिने लोंबकळून टायर सुकलेले असत, कडांना बारीक भेगा पडलेल्या, पायाच्या टाचेसारख्या. ती टायर काढी आणि आतून कापसाचा बोळा फिरवी. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक हमखास असायचं. बोटाला लागत नसे पण कापसाला लागे. मग ट्यूबेत थोडी हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बुडवायची. घमेलं धरणं हे माझं काम. पाण्यातून एक बारीक बुडबुड्यांची माळ वर यायची आणि ताई बोट ठेवून म्हणायची, "हा बघ, इथनं श्वास सोडतोय." जागा कोरडी करायची, पत्र्याच्या खरखरीत तुकड्याने घासायची, सोल्यूशन लावून सुकू द्यायचं, मग जुन्या ट्यूबचं ठिगळ. ठिगळ चिकटवल्यावर ती त्यावर अंगठा ठेवून बसून राही, किती वेळ ते तिलाच ठाऊक. टायरच्या आत थोडी पांढरी पावडर भुरभुरायची, म्हणजे ट्यूब चिकटत नाही. हवा सकाळच्या गारठ्यात कडक भरायची नाही, कारण दुपारी उन्हात ती ताणते. खाऱ्या बांधावरून आलं की चाक गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर मीठ भेगांत सुकून रबर खातं. हे सगळे नियम चाचांचे, पण बोलायची ती ताई, आणि इतक्या हळू आवाजात की मला ते नियम न वाटता गुपितं वाटत.

मला त्यातलं काही येत नव्हतं. मी सातवीत होते आणि हाताला लागेल तो छापील कागद वाचत असे, वाण्याकडची पुडीसुद्धा. बाबा म्हणत, "मंदीला दूध उतू गेलेलं दिसत नाय, ही चाक काय बघणार?" आमच्या इकडे शाळा सातवीपर्यंतच होती, निडी स्टेशनाच्या गावात. पुढे शिकायचं तर रोह्याला. ताई रोह्याला आत्याकडे राहून दहावी झाली होती, पण नंतर आत्याचं बिऱ्हाड पेणला हललं आणि ती सोय संपली. आगगाडी होती, पण तिच्या वेळा शाळेच्या नव्हत्या. तेव्हा माझी आठवी व्हायची असेल तर ती त्या दोन चाकांवरच होणार होती, हे मला कळत होतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं, एवढंच.

त्या वर्षी थंडी जास्त होती. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे धुकं, ओठ फुटणं आणि टाचा उलणं. खळ्यावर दिवसभर उभी राहून आईच्या टाचा अशा उलत की अंथरुणावर पाय फिरवला तर गोधडीचा दोरा अडकायचा. संध्याकाळी चुलीपाशी ती कोनाड्यातून आमसुलाच्या तेलाचा गोळा काढी. रातांब्याच्या बियांचं ते तेल थंडीत मेणासारखं घट्ट आणि पांढरं असतं. पळीत त्याचा तुकडा टाकून ती निखाऱ्यावर धरी, तो वितळला की आमच्या टाचांच्या भेगांत ऊन ऊन सोडी. आधी चटका, मग आराम. चुलीवर वालाचं बिरडं शिजत असे, तव्यावर तांदळाची भाकरी, आणि निखाऱ्यांत भाजल्या जाणाऱ्या सुकटीचा वास सगळ्या घराला लागलेला. सकाळी उठून पाहावं तर भेगा मिटलेल्या. "उललं की तेल घालायचं," आई म्हणे, "दुसरं औषध नाय मला म्हायत." मला ते फार मोठं ज्ञान वाटायचं.

मार्गशीर्षात ताईला रोह्याहून कागद आला. नर्सबाईच्या शिक्षणासाठी तिने अर्ज केला होता, त्याची निवड होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला नावं पुकारणार होते. बाबा त्या आठवड्यात घरीच होते. त्यांनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. घरातली मुलगी दवाखान्यात परक्यांचं अंग पुसणार, हे त्यांना आवडलेलं नव्हतं, पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

"जाशील कशी?"

"सायकलनं."

"वाटेत पडून राहिलीस तर?"

"नाय राहणार. चाकं उघडून बघते आजच."

"बघ बाई. सांभाळता येत असेल तर तुझी. नाय तर ठेवून दे," बाबा म्हणाले आणि खळ्यावर गेले.

दुपारी ताईने पुढच्या चाकाची ट्यूब काढली. एक बारीक छिद्र निघालं, तिने ठिगळ लावलं, टायर आणि ट्यूब गोणपाटावर ठेवले आणि ती विहिरीवर गेली. उद्याची साडी धुवायची होती, केस धुवायचे होते. मी पडवीत पुस्तक घेऊन बसले होते. टायर माझ्यासमोर होता. त्याच्या कडांच्या भेगा आईच्या टाचांपेक्षा खोल दिसत होत्या. ताईला उद्या दूर जायचं आहे, आणि आपण तिच्यासाठी घमेलं धरण्यापलीकडे काहीच करत नाही, असं मला वाटलं. मी पुस्तक खाली ठेवलं, हे आजही आठवतं, कारण ते मी सहसा करत नसे. कोनाड्यातून गोळा काढला, पळीत वितळवला, आणि टायरची एकेक भेग त्या ऊन तेलाने भरली. बाहेरून भरली, आतून भरली. मग ट्यूब पाहिली. तीही मला कोरडी, दमलेली दिसली. तिच्यावरूनही तेलाचा हात फिरवला. नव्या ठिगळाच्या कडा जरा उंच वाटल्या, तिथे तर जास्तच चोळलं, आई टाचेच्या कडेला चोळते तसं. तेल गारठ्यात लगेच गोठलं. सगळं नीट मिटल्यासारखं दिसायला लागलं. ताईला सांगायचं नाही असं ठरवलं. तिला उद्या रस्त्यात आपोआप कळेल, की चाक किती मऊ चालतंय.

ताई परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. कंदिलाच्या उजेडात तिने चाक जोडलं. टायरच्या आतला पांढरा थर तिने पाहिला असणार, पण पावडरही पांढरीच असते, आणि आपण दुपारीच ती लावली असं तिला वाटलं असेल. हवा भरली, अंगठ्याने दाबून पाहिलं, ठीक होतं.

सकाळी पेज पिऊन आम्ही दोघी निघालो. मला शाळेपर्यंत सोडून ती पुढे जाणार होती. मी मागे कॅरिअरवर, तिच्या धुतलेल्या साडीचा वास नाकात. आईने फडक्यात भाकरी आणि जवळ्याची चटणी बांधून दिली होती, ती पिशवी माझ्या मांडीवर. धुकं इतकं होतं की बांधाच्या दोन्ही बाजूंची शेतं नव्हतीच, फक्त कुठेतरी लवकर उठलेल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज. ताई गुणगुणत होती. इतकी आनंदात मी तिला नंतर फार वेळा पाहिली नाही. सडक लागली, ऊन वर आलं, धुकं उठलं, आणि रेल्वेच्या फाटकाच्या अलीकडे चाक धडधडायला लागलं.

ताई उतरली. पुढच्या चाकावर अंगठा ठेवला, तो रिमपर्यंत गेला. ती घाबरली नाही. सीटखालच्या पिशवीतून पाना काढला, चाक सोडवलं, ट्यूब बाहेर ओढली. ठिगळ एका बाजूने उघडं होऊन लोंबत होतं, त्याला चिकट असं काही राहिलंच नव्हतं. तिने बोटाने तिथे चाचपलं. बोट घसरलं. ते तिने नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"काय लावलंस गो?"

मी सांगितलं.

"कुठं कुठं?"

"सगळीकडे."

"कशाला?"

"उललं होतं," मी म्हटलं.

रागावली असती, थोबाडीत दिली असती, तर मला आज लिहायला सोपं गेलं असतं. तिने पदराने ट्यूब पुसली, मातीने घासली, पुन्हा पुसली, सोल्यूशन लावलं, सुकायची वाट पाहिली, ठिगळ लावलं, अंगठा ठेवून बसली. हवा भरायला फाटकवाल्याच्या खोलीतून पंप आणला. दहा पावलं गेलो आणि ठिगळ निघालं. परत तेच केलं. परत निघालं. तेल रबरात मुरलं होतं, ते मातीने थोडंच जाणार. ऊन चढत होतं. तिच्या हाताला काळं वंगण, साडीच्या निऱ्यांना माती. मी रडायला लागले तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली, "रडू नको! रडून हवा भरते का?"

सडकेला लागून एक खळं होतं. तिथला म्हातारा मघापासून हात कमरेवर ठेवून आमच्याकडे बघत उभा होता. ताई त्याच्याकडे गेली आणि पेंढा मागितला.

"पेंढा? गाय कुठं हाय तुझी?"

"सायकलीला पाहिजे, आजोबा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे, मग सायकलीकडे पाहिलं. "सायकलीला पेंढा घालतेस? मग धार पण काढशील गो! शेरभर तरी दूध दे आम्हाला." पण बोलता बोलता तो गुडघ्यावर बसलाही होता. त्याने पेंढ्याची हाताएवढी जाड वेणी वळली, ताईने ट्यूब काढून टाकली आणि दोघांनी मिळून ती वेणी टायरमध्ये ठासून भरली, गोधडीत चिंध्या भरतात तशी. चाक पुरतं गोल झालं नाही, पण उभं राहिलं. म्हातारा उठून लांब झाला आणि म्हणाला, "जा आता. रवंथ करत करत जाईल."

"तू शाळेत जा," ताई मला म्हणाली. भाकरीची पिशवी मी पुढे केली, ती तिने हँडलला अडकवली. मग ती निघाली. पुढचं चाक वर खाली होत होतं, तिचे खांदे त्याच्याबरोबर हलत होते, आणि टायरच्या कडेतून पेंढ्याच्या काड्या बाहेर येऊन सडकेवर पडत होत्या. ती दिसेनाशी झाल्यावरही काड्या दिसत होत्या.

ती रोह्याला पोचली तेव्हा नावं पुकारून झाली होती. हे तिने मला नंतर सांगितलं. तिथल्या एक बाई बऱ्या होत्या. त्यांनी तिचे हात पाहिले, साबण दिला, म्हणाल्या, "आधी हात धू, पाणी पी. यंदाची जागा भरली. पुढच्या हिवाळ्यात परत निवड आहे, तेव्हा ये." ताई हात धुऊन परत फिरली. रिम दगडाने चेपली होती, म्हणून सगळी वाट तिने सायकल हातात धरून कापली.

संध्याकाळी बाबा खळ्यावरून आले तेव्हा ती अंगणात टायरमधला पेंढा उपसत बसली होती. मी दाराआड होते. कोनाडा माझ्या डोक्याशी होता आणि त्यातल्या तेलाचा वास मला येत होता.

"काय झालं?"

"पंक्चर झाली. उशीर झाला."

"काल चाक बघितलं होतंस ना?"

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. "नाय बघितलं नीट," ती म्हणाली. "साडी धुवायच्या घाईत राहिलं."

बाबांनी वाकून चेपलेली रिम पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे एवढं एक काम, ते पण जमलं नाय."

"नाय जमलं."

"मग ठेव ती वर."

"ठेवू नका, बाबा," ती म्हणाली. "मी नाय परत बसणार सायकलीवर. पण मंदीला पुढल्या वर्षी रोह्याला जायचंय. ती चालवेल. चाक मी बघीन तिचं."

"तू बघितलंस तर ही वेळ आली."

"आता नाय चुकायची."

ते पाय धुवायला गेले. दोन दिवसांनी त्यांनी रोह्याहून नवी ट्यूब आणली आणि गोणपाटावर ठेवली. त्यांचं हो म्हणणं तसंच असे.

त्या दोन दिवसांत मी ताईला विहिरीवर गाठून विचारलं, की तू खोटं का बोललीस, मी सांगते बाबांना. तिने घागर खाली ठेवली. "माझी दहावी झालीय. तुझी सातवी हाय. आज त्यांना कळलं की तेल तू लावलंस, तर तुझ्या हातात सायकल ते जन्मात देणार नायत. मला पुढल्या हिवाळ्यात परत जाता येईल, चालत जाईन वाटलं तर. तू गप राहा. सायकल शीक." आणि घागर उचलताना म्हणाली, "आणि तेलाचे हात लावू नको परत कशाला. आधी हात धुवायचे. साबणानं, दोनदा."

ती पुढच्या हिवाळ्यात गेली नाही. आत्याने पेणमधलं स्थळ काढलं आणि वैशाखात तिचं लग्न झालं. तिच्या सासरी पोह्याचे पापड करतात. तिचे हात तिथे पापडखारात आणि पिठात गेले. मी आठवीला रोह्याला जाऊ लागले, पावसाळ्यात जमेल तसं चालत, दिवाळीनंतर त्याच सायकलवर. दर वर्षी दिवाळीनंतर ताई चार दिवस माहेरी येई. पिशवी ठेवायची, पाणी प्यायची आणि विचारायची, "उतरवली का?" मग गोणपाट, कापसाचा बोळा, घमेलं. पोटात स्मिता होती त्या वर्षीसुद्धा ती पाटावर बसून चाकं उघडत होती. माझे तीन हिवाळे शाळेचे आणि पुढले कॉलेजचे, ते सगळे तिने अंगठ्याने दाबून तपासून मला दिलेले आहेत. एकदाही मी वाटेत पडून राहिले नाही. आणि ती त्या सायकलवर परत एकदाही बसली नाही. चाक जोडलं की हँडल माझ्या हातात द्यायची आणि बाजूला व्हायची. मी एकदा म्हटलं, अंगणात एक फेरी मार. "बाबांना शब्द दिलाय," म्हणाली, आणि हसून हात धुवायला गेली.

घरात मात्र ती पेंढ्याची गोष्ट राहिली. लग्नात, बारशाला, चार माणसं जमली की बाबा रंगवून सांगत: वच्छीने चाक बघितलं नाही, सायकलीला पेंढा चारला, म्हाताऱ्याने दूध मागितलं. सगळे हसत. ताईही हसे, म्हाताऱ्याचं बोलणं तीच पुरं करी. मी पाणी आणायला आत जात असे. नोकरी लागली त्या वर्षी मी तिला म्हटलं, आता सांगू का? "आता कशाला," ती म्हणाली. "इतकी वर्षं बाबा हसतायत, त्यांना रडवू नको." आणि मला ते सोयीचं होतं. ही गोष्ट तिच्या मोठेपणाची म्हणून लिहायला बसले, पण माझ्या गप्प बसण्याचं मी काय करायचं, ते अजून समजलेलं नाही.

तेराव्याला पेणला सगळे जमले होते. बाबा नव्वदीच्या घरात आहेत, त्यांना गाडीतून आणलं होतं. जेवणं झाल्यावर ते ओटीवर भिंतीला टेकून बसले. समोर स्मिता, ताईची मुलगी, आणि तिची दोन मुलं. बाबा मुलांना म्हणाले, "तुमच्या आजीनं एकदा सायकलीला पेंढा चारला होता, म्हायत हाय का?" आणि सांगायला लागले. आवाज थकला आहे, पण गोष्ट शब्दाला शब्द तीच. "एवढी हुशार पोर, पण त्या दिवशी चाक बघितलं नाय तिनं..."

"बघितलं होतं," मी म्हटलं.

त्यांना ऐकू कमी येतं. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. पळी, आमसुलाचं तेल, ठिगळाच्या कडा, विहीर. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, जणू मीही एक कागद वाचून दाखवते आहे. मी संपवलं तेव्हा ते हाताची बोटं मांडीवर एकेक उघडून मिटत होते.

"तेव्हा सांगितलं असतंस," शेवटी ते म्हणाले, "तर मी तुला सायकल दिली नसती."

"व्हय."

"ती म्हणाली तसंच झालं असतं." मग, "आणि मी तिला म्हटलं, एवढं एक काम जमलं नाय."

"ती गोष्ट मी आता नाय सांगणार," ते म्हणाले.

तेव्हा स्मिताच बोलली. "नको आजोबा, सांगा. आईला आवडायची ती. म्हातारा दूध मागतो तिथे ती दर वेळी नव्याने हसायची." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "फक्त मावशी, पुरी सांगायची."

स्मिताचा धाकटा मुलगा मध्येच म्हणाला, "मग म्हाताऱ्याला दूध दिलं का?" बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि हळूहळू, पहिल्यापासून, सांगायला लागले. या वेळी ते "तुझ्या आजीनं चाक बघितलं होतं" इथून सुरू झाले. तेलाच्या जागी आले की थांबत, आणि ती जागा मी भरत होते.

सायकल माझ्याकडे रोह्याला आहे. वाचनालयापर्यंत मी ती अलीकडेपर्यंत चालवत असे. दोन वर्षं भिंतीला टांगून ठेवली होती. चाकं शेवटची उघडली ती ताईनेच, इथे आली होती तेव्हा, माझ्या मागच्या गॅलरीत. यंदा थंडी उशिरा आली. काल सकाळी नदीवर धुकं होतं आणि माझ्या टाचा उलल्याचं मला अंथरुणात कळलं. उठून पळीत तेल तापवलं आणि भेगांत सोडलं. ते आजही तसंच गोठतं, पांढरं. मग सायकल खाली घेतली. गोणपाट नव्हतं, जुनी चादर अंथरली. कापूस काढला, घमेलं भरलं; धरायला कोणी नव्हतं म्हणून ते दोन विटांवर ठेवलं. टायरच्या कडांना भेगा होत्या. त्यांच्याकडे पाहत मी थोडा वेळ बसले.

मग आत जाऊन हात धुतले. साबणाने, दोनदा. पुसून, नाकाशी धरून पाहिले, आणि मग चाकाला हात लावला.